दहावीचं गणित: स्टँडर्ड भरायचं की बेसिक? बडोद्यातल्या पालकांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. "बाई, शाळेत फॉर्म भरतायत. स्टँडर्ड ठेवू की बेसिक?" बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता घरी थोडी मुलं येतात, म्हणून लोक हक्कानं विचारतात. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, आणि घाईत सांगितलेलं चुकतंही. म्हणून दोन्ही पर्याय इथे शेजारी शेजारी ठेवते.

गुजरात बोर्डानं २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून दहावीच्या गणिताचे दोन प्रकार केले. त्याआधी सी.बी.एस.ई.नं २०२० च्या परीक्षेपासून तसं केलं होतं. पुस्तक एकच, एन.सी.ई.आर.टी.चं. धडे तेच: वास्तव संख्यांपासून संभाव्यतेपर्यंत. वर्गात बाईही बहुधा एकच. फरक फक्त पेपरात. दोन्ही पेपर ८० गुणांचे आणि ३ तासांचे, उरलेले २० गुण शाळेच्या हातात. पास व्हायला दोन्हीकडे ३३ टक्केच लागतात. "बेसिक घेतलं तर अर्धं पुस्तक सोडता येतं" असं समजणारे पालक मला दर वर्षी भेटतात. असं अजिबात नाही.

मग पेपरात फरक कसला? अंकगणिती श्रेढीचंच घ्या. बेसिकमध्ये साधारण असं येतं: २, ७, १२, १७ या श्रेढीचं १० वं पद काढा. सूत्र आठवलं, आकडे घातले, ४७ आलं, झालं. स्टँडर्डमध्ये तोच धडा असा येतो: तिसरं पद १५ आणि दहावं पद ४३ असेल, तर पहिल्या २० पदांची बेरीज काढा. इथे आधी सामान्य फरक शोधायचा, मग पहिलं पद, मग बेरीज. म्हणजे तीन पायऱ्या, आणि कुठली आधी ते पेपरात लिहिलेलं नसतं. वर्गसमीकरणाचंही तसंच. बेसिकवाल्याला समीकरण तयार मिळतं, अवयव पाडायचे. स्टँडर्डवाल्याला सांगतात की आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त आहे आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. समीकरण त्यानंच मांडायचं, आणि उणे १२ हे उत्तर का टाकून द्यायचं तेही त्यानंच लिहायचं.

पुढच्या वाटेचं सगळ्यात पक्कं कलम असं: अकरावी सायन्सचा ए ग्रुप, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, हवा असेल तर स्टँडर्डच लागतं. इंजिनिअरिंगचं नाव घरात नुसतं निघालेलं असलं, तरी बेसिकवर सही करू नका. नंतर मन बदललंच तर निकालानंतरच्या पूरक परीक्षेत स्टँडर्डचा पेपर देण्याची वाट आहे. पण ती वाट म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मित्र सुट्टीवर असताना, चार आठवड्यांत वर्षभराचा सराव भरून काढणं. मुलाला त्यात ढकलण्याआधी दोनदा विचार करा. जीवशास्त्राचा बी ग्रुप किंवा डिप्लोमा मनात असेल, तर त्या वर्षीचं प्रवेशाचं परिपत्रक शाळेतून मागून घ्या आणि स्वतः वाचा. शेजारच्यांच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नका. आर्ट्सला बेसिक पुरतं. कॉमर्सलाही पुरतं, पण एक लक्षात असू द्या: आपल्या बोर्डात कॉमर्सला आंकडाशास्त्र, म्हणजे सांख्यिकी, असतं. बेसिक घेऊन गणिताला रामराम ठोकता येईल असं मानून कॉमर्सला गेलेली मुलं अकरावीत बावचळतात.

आता खरा प्रश्न. मुलाला झेपेल का?

याचं उत्तर सहामाहीच्या टक्क्यांवरून देऊ नका. उत्तरपत्रिका मागा, शेजारी बसा, आणि कापलेल्या प्रत्येक गुणाला विचारा की हा कशापायी गेला. मागच्या वर्षी एक मुलगा आई-बाबांबरोबर आला. सहामाहीत ८० पैकी ३१. बाबांनी बेसिकचं ठरवूनच टाकलं होतं. मी त्याला वरचंच गणित दिलं, तिसरं पद १५ आणि दहावं ४३ चं. त्यानं ४३ मधून १५ वजा केले, २८ आले. इथपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, बरं का. मग ८ नं भागलं आणि साडेतीन लिहिलं. विचारलं, आठ कुठून आणलेस? त्यानं बोटं मोजून दाखवली: तीन, चार, पाच... दहा. आठ बोटं. मग आमच्या जिन्यापाशी नेलं. "तिसऱ्या पायरीवर उभा राहा आणि दहावीवर जा. पावलं मोज." सात झाली. तो तिथेच थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे ४." खाली येऊन पहिलं पद ७ काढलं, विसावं ८३, आणि बेरीज ९०० बरोबर आली.

त्या मुलाला गणित येत नव्हतं असं कोण म्हणेल? वाट त्याला दिसत होती, पाय घसरत होता. अशा मुलाला स्टँडर्डच द्या. याच्या उलट, एखादी मुलगी पाठ केलेली उदाहरणं आकडे बदलून सुरेख सोडवते, अक्षर मोत्यासारखं, पण प्रश्न दोन ओळी लांबला की पेन खाली ठेवते. नोव्हेंबरपर्यंतही ती ठेवत असेल आणि ए ग्रुप नको असेल, तर बेसिक हा तिच्यासाठी मानाचा निर्णय आहे. त्यात कमीपणा नाही, आणि घरात तसं बोलूही नका. माझ्या ओळखीच्या एका शाळेनं निकाल चांगला दिसावा म्हणून मधल्या मुलांनाही सरसकट बेसिककडे ढकललं होतं, पालकांना धड न विचारता. त्यातल्या दोघांना पुढे ए ग्रुप हवा होता. ते मला अजून टोचतं. निर्णय तुमचा आणि मुलाचा आहे, शाळेच्या निकालाच्या टक्क्यांचा नाही.

तयारी कुठे वेगळी होते

२०२४ पासूनच्या पेपरात विभाग ए मध्ये २४ हेतुलक्षी प्रश्न असतात, एकेक गुणाचे. पुढच्या विभागांत पर्याय भरपूर: दोन गुणांचे १३ पैकी कोणतेही ९, तीन गुणांचे ९ पैकी ६, चार गुणांचे ८ पैकी ५.

बेसिकवाल्या मुलासाठी विभाग ए म्हणजे घराचा पाया. इथे पर्याय नाही, पण लांबलचक लिहायचंही नाही. रोज वीस मिनिटं नुसते हेतुलक्षी प्रश्न करून घ्या, आणि उत्तर बरोबर आलं तरी "का" विचारा. त्याच्या जोडीला आंकडाशास्त्र, संभाव्यता, बहुपदी आणि श्रेढी पक्क्या करा. हे धडे हिशोबानं चालतात, दगा देत नाहीत.

स्टँडर्डवाल्याचं वजन विभाग डी वर, म्हणजे चार गुणांच्या प्रश्नांवर. तिथे थेल्सच्या प्रमेयाची सिद्धता, उंची आणि अंतराची उदाहरणं, शब्दांत गुंडाळलेली समीकरणं असतात. इथे माझा आग्रह आहे की पर्याय निवडायचाही सराव हवा. आठही प्रश्न वाचून, कुठले तीन सोडायचे ते दोन मिनिटांत ठरवायचं. हुशार मुलं पहिला दिसलेला प्रश्न धरून बसतात, वीस मिनिटं घालवतात आणि शेवटी सोपा प्रश्न कोरा राहतो.

आजी-आजोबांनी शिकवावं का?

जरूर शिकवावं, पण आपल्या बडोद्याच्या मराठी घरांसाठी इथे थोडं थांबते, कारण यात दर वर्षी गुण जातात. आपली बहुतेक मुलं आता गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात आहेत आणि आजोबा मराठीत शिकलेले. आजोबांची स्पर्शिका नातवाच्या पुस्तकात स्पर्शक होते, वर्गसमीकरण द्विघात समीकरण होतं. एवढं चालतं, समजून जातं. पण आंकडाशास्त्रात फसगत होते. मराठीत मध्य म्हणजे सरासरी आणि मध्यक म्हणजे मधली संख्या. गुजराती पुस्तकात मध्यक म्हणजेच सरासरी, आणि मधल्या संख्येला मध्यस्थ म्हणतात. शब्द तोच, अर्थ वेगळा. आता सूत्र बघा: बहुलक बरोबर तीन मध्यस्थ वजा दोन मध्यक. मधली संख्या ३० आणि सरासरी २८ असेल, तर बहुलक ९० वजा ५६, म्हणजे ३४. आजोबांनी आपल्या मराठी मध्यकाला जागा दिली की ८४ वजा ६०, म्हणजे २४ येतं, आणि आजोबा छातीठोकपणे सांगतात की बरोबर आहे. नातू बिचारा आजोबांचं ऐकतो. म्हणून शिकवायला बसण्याआधी मुलाच्याच पुस्तकातले शब्द एका कागदावर उतरवून घ्या, आणि घरातही तेच वापरा.

आजोबांचं खरं बळ दुसरीकडे आहे. घड्याळ लावून शेजारी बसणं, मूल वैतागलं की पाणी देणं, पाढे चोख आहेत ना ते बघणं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. १७ चा पाढा अडखळला तर त्रिकोणमिती येऊनही उपयोग नाही.

क्लासबद्दल फार लिहीत नाही. स्टँडर्ड घेतलेल्या आणि ए ग्रुपला जाणाऱ्या मुलाला चांगल्या क्लासचा वेग आणि बरोबरीची मुलं उपयोगी पडतात. बेसिकवाल्याला साठ मुलांच्या हॉलमध्ये बसवू नका. तिथे शिकवणं स्टँडर्डच्या मुलांकडे बघून चालतं, आणि मागच्या बाकावर आपलं मूल नुसतं उतरवून घेतं. त्याच्यासाठी पाच-सहा मुलांची शिकवणी, किंवा घरचंच कुणी रोज एक तास, जास्त फळतं. क्लास कुठलाही असो, एक गोष्ट विचारून घ्या: पूर्ण ८० गुणांचे पेपर जानेवारीपासून किती लिहून घेता, आणि तपासून परत कधी देता? ज्यांच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही, तिथे पैसे भरू नका.

फॉर्मच्या वेळचं एक काम विसरू नका. स्टँडर्ड गणिताचा विषय क्रमांक १२ आणि बेसिकचा १८. शाळा फॉर्म भरून प्रत देईल, तेव्हा तो आकडा मुलासमोर वाचून घ्या आणि मगच सही करा. हॉल टिकिट हातात आलं की पुन्हा एकदा बघा. चूक असेल तर त्याच दिवशी शाळेत जा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.