पुठ्ठ्याचा खोका रेंडर करताना: फोटोचं टेक्श्चर की नोड्स?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पुठ्ठा दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे अँबियंटसीजीसारख्या वेबसाइटवरून फोटोवर आधारलेलं मोफत टेक्श्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र) घेणं. त्यातले तंतू, डाग खरे असतात. एकटा खोका लगेच पटतो. पण दहा खोके रचले, की तोच डाग दहा ठिकाणी दिसतो आणि सगळा भास मोडतो.

नोड्सनी, म्हणजे ब्लेंडरमध्ये एकमेकांना जोडायच्या छोट्या गणिती ठोकळ्यांनी, घडवलेल्या पुठ्ठ्यात हा त्रास नाही. नॉइझ टेक्श्चर (अनियमित नक्षी देणारा नोड) एका दिशेने ताणलं की कागदाचे तंतू मिळतात, वेव्ह टेक्श्चरने (पट्टे देणारा नोड) आतल्या पन्हळीच्या पुसट रेघा. ऑब्जेक्ट इन्फो या नोडमधला, प्रत्येक वस्तूला वेगळा मिळणारा रँडम आकडा जोडला की प्रत्येक खोका वेगळा. वेळ मात्र जातो. आणि माप चुकवू नका: नेहमीच्या सी-फ्लूट (पन्हळीचा एक ठरलेला आकार) पुठ्ठ्यात दोन लाटांमधलं अंतर साधारण ७ ते ८ मिमी असतं. रेघा त्याहून रुंद झाल्या की मोठा खोकाही काडेपेटीएवढा वाटतो.

गोदामाच्या दृश्यासाठी मी नोड्सच घेईन. एकाच खोक्याचा जवळचा शॉट असेल तर फोटो. कागदाचा तो खरा मळकटपणा नोड्समध्ये आणणं फार कठीण. कापलेली कड जवळून दिसणार असेल, तर तिथली लाट सरळ मॉडेल करा. सपाट कडेवरचं चित्र दोन्ही पद्धतींत उघडं पडतं.