पहिली चेनसॉ घेताय? आधी चॅप्स-हेल्मेट, मग मशीन : एमएस १८० चा रिव्ह्यू आणि सोबतचं सामान

स्टिल कंपनीची एमएस १८० ही चेनसॉ मी बांधावरच्या बाभळी, सुबाभूळ, निंब असल्या कामाला वापरतो, आणि जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात जो कोणी पोरगा झाडं तोडायचं काम नवीन धरायचं म्हणतोय त्याला मी हीच घे म्हणतो. पण अट एकच, की बजेटमधून आधी हेल्मेट, चॅप्स (पायांवर बांधायचं कवच), बूट, कानस आणि पाचर यांचे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्यात मशीन बसवायची. बहुतेक जण उलटं करतात, सगळा पैसा मशीनमध्ये घालतात आणि स्लीपर घालून, गळ्यात रुमाल टाकून बुंध्याला भिडतात.

मशीनबद्दल आधी बोलू. ३१.८ सीसी इंजिन, पट्टी (जिच्यावरून चेन फिरते ती) आणि चेन न लावता वजन ४ किलोच्या आसपास, पट्टी १४ किंवा १६ इंची. नवीन माणसाने १४ चीच घ्यावी, टोक लहान तेवढं ताब्यात राहतं. थंड असताना चोक लावून दोरी ओढायची, फुरफुरली की चोक कमी करायचा, परत ओढायची, चालू होते. हातात हलकी असल्यामुळे खांद्यावर ताण येत नाही आणि फांद्या छाटताना दिवसभर चालवता येते. पेट्रोलची टाकी पाव लिटरची, म्हणजे सारखं थांबून भरावं लागतं, पण नवीन माणसाला तो थांबा चांगलाच, तेवढ्यात चेन बघून होते, पाणी पिऊन होतं.

बाजारात हिच्या निम्म्यापेक्षा कमी किमतीत २२ इंची पट्टीच्या ५८ सीसीच्या बिननावाच्या मशीन मिळतात आणि आकडा मोठा दिसला की माणूस तिकडेच वळतो. मी पण एक चालवली आहे, माझ्या हातातल्या मशीनचं चेन ब्रेकचं हँडल ढिलं होतं आणि ब्रेक लागला तरी चेन लगेच थांबत नव्हती, दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणे चालतं तेवढं. नाही चालत भाऊ. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन एका झटक्यात वर तोंडाकडे उसळते, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि त्या वेळेला तुमच्या आणि चेनच्या मधे फक्त तो ब्रेक असतो. म्हणून कुठल्याही कंपनीची घ्या, पण दुकानातच मशीन चालू करायला लावा, रेस द्या, रेस सोडून मनगटाने हँडल पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली तरच पैसे द्या. आणि दुसरं म्हणजे तुमच्या जवळच्या शहरात, जळगावला, धुळ्याला, शहाद्याला, त्या मशीनचे पार्ट आणि दुरुस्ती मिळते का ते आधी विचारा.

आता चेन. माझ्या मते नव्या माणसाचा अर्धा त्रास बोथट चेनमुळे होतो. धार असेल तर मशीन स्वतःच लाकडात उतरते आणि चांगल्या जाड ढलप्या पडतात, धार गेली की पिठासारखा भुसा पडतो, धूर येतो आणि माणूस मशीनवर वजन टाकायला लागतो, तिथेच तोल जातो. या मशीनच्या बारीक चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, सोबत गाईड घ्या म्हणजे ३० अंशाचा कोन डोळ्याने मारावा लागत नाही. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, दोन-तीन पुरे, कानस फक्त पुढे ढकलायची, परत ओढताना उचलायची. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झाले तर काप तिरका जातो. पेट्रोल भरलं की धार बघायची, ही सवय लावून घ्या. आपल्याकडे बांधावरच्या झाडात कुंपणाची काटेरी तार आणि खिळे आत गुंतलेले असतात, सालीवर आडवी घडी किंवा गंजाचा काळा डाग दिसला की तिथे कापायचं नाही, वीतभर वर किंवा खाली घ्यायचं.

पट्टीला तेल जातंय का ते बघायची सोपी पद्धत : मशीनचं टोक एखाद्या पांढऱ्या दगडाकडे किंवा वाळलेल्या ओंडक्याच्या कापाकडे हातभर अंतरावर धरून रेस द्या, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. जळकं ऑइल टाकू नका, त्यात धातूचा बारीक चुरा असतो, पट्टी आणि पंप दोन्ही खातं. उन्हाळ्यात कामात चेन तापून लांबते, तशीच गरम असताना घट्ट केली असेल तर काम संपल्यावर परत ढिली करून ठेवा, नाहीतर गार झाल्यावर आखडते आणि शाफ्टवर ताण येतो.

पेट्रोल मिक्स ५० ला १, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, पण हे कंपनीच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला, साध्या ऑइलला २५ ला १ सांगितलेलं असतं, डब्यावर आणि मॅन्युअलमध्ये बघून घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतंय, ते ओलावा ओढतं, त्यामुळे मिक्स लागेल तेवढंच करा, महिन्यावर ठेवू नका. पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, अंगावरचं सामान. चॅप्स म्हणजे पॅन्टवरून बांधायचं कवच, आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन मशीनच्या चाकात गुंततात आणि चेन अडकते. जाड जीन्स ते करू शकत नाही. घेताना लेबलवर चेनसॉचं चित्र आणि क्लास १ बघा, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनपर्यंत तपासलेलं, आणि ईएन ३८१-५ किंवा ईएन आयएसओ ११३९३ हा नंबर असला पाहिजे. ऑनलाइन नुसतं जाड नायलॉन शिवून चॅप्स म्हणून विकतात, त्यावर यातलं काही नसतं. एकदा चेन लागली की ती जोडी गेली, शिवून वापरायची नाही. गरम होतं हे खरं आहे, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, मग पहाटे उजाडलं की सुरू करून दहाच्या आत आवरायचं. चॅप्स काढून काम करणं हा त्याच्यावर उपाय नाही.

हेल्मेट जाळी आणि कानाच्या मफसकट घ्या. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कान हळूहळू जातात आणि माणसाला कळतही नाही. बूट स्टील टो, आयएस १५२९८ चा शिक्का असलेले. गळ्यातला रुमाल, उपरणं, सैल बाह्या हे सगळं घरी ठेवून या. प्लॅस्टिकच्या दोन पाचरी आणि एक मोठा हातोडा कायम सोबत पाहिजे, लोखंडी पाचर नको, चेन लागली तर दात उडतात.

आमच्याकडे एक म्हातारे आप्पा आहेत, आयुष्यभर कुऱ्हाड चालवली, ते नवीन पोराला एवढंच सांगतात, "झाड कथा पडी ते पहिले देख, मंग मशीन चालू कर." म्हणजे झाड कुठे पडेल ते आधी बघ. मी तेच जरा फोड करून सांगतो. झाडाला पूर्ण चक्कर मारा, वजन कोणत्या बाजूला आहे, वाळकी फांदी वर अडकली आहे का, आग्या मोहोळ आहे का ते बघा. पडायच्या दिशेच्या मागे दोन्ही बाजूंना तिरक्या वाटा साफ करून ठेवा. पडायच्या बाजूने खाच घ्या, बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी खोल. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडं वर, काप द्या आणि मधे जाडीच्या दहाव्या भागाएवढी लाकडाची पट्टी न कापता बिजागरीसारखी ठेवायची, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या बुंध्याला ४ सेंटिमीटर. ती लाकडाची पट्टीच झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली की झाड कुठे जाईल ते कोणाच्याच हातात नसतं. काप पुरेसा आत गेला की लगेच पाचर ठोका, मशीनची पट्टी अडकायच्या आधी. झाड हललं की मशीन सोडून तिरक्या वाटेने निघा, बघत उभं राहू नका.

आपल्याकडची एक अडचण म्हणजे सरपण. मशीनचा आवाज आला की बायामाणसं, लहान पोरं ढलप्या आणि फांद्या वेचायला जवळ येतात. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणीही नको, त्यासाठी एक माणूस फक्त लोकांना थांबवायला ठेवा, त्याची मजुरी त्या कामाच्या रेटमध्येच धरा. तारेजवळचं झाड असेल तर महावितरणच्या लाइनमनला बोलवून लाइन बंद करून घ्या, लाइट गेलेली आहे म्हणून तार बंद समजू नका, मधेच येते. दुपारी वारा सुटला तर काम थांबवा.

वादळात उपटून पडलेली झाडं नवीन माणसाने घेऊच नयेत. रावेर-यावलकडे वावटळीत केळीसोबत मोठी झाडंही आडवी होतात आणि लोक लगेच फोन करतात, पण खोडात ताण भरलेला असतो, बुंधा कापला की मातीसकट मुळाचा गड्डा परत उभा राहतो. पहिले काही महिने पडलेल्या, सपाट जमिनीवरच्या ओंडक्यांचे तुकडे करा, मग फांद्या, मग उभं बारीक झाड.

परवानगीचं पण बघा. १९६४ च्या झाडं तोडण्याबाबतच्या कायद्यात सागवान, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, अंजन ही झाडं अनुसूचित आहेत, स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगी लागते. मालक म्हणतो काही होत नाही, पण कागद हातात आल्याशिवाय मशीन गाडीतून काढू नका. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे.

ही मशीन कोणासाठी नाही ते पण सांगतो. रोज जाड बुंधे पाडायचे असतील, वखारीला माल द्यायचा असेल तर ही पुरणार नाही. वाळलेल्या अंजनावर तर चालवूच नका, आपल्या देशातल्या सगळ्यात जड, टणक लाकडांपैकी ते एक आहे, धार बघता बघता जाते आणि लहान इंजिन तापतं. तिथे ५० सीसीच्या पुढची चांगली मशीन आणि ती चालवलेला माणूस, दोन्ही लागतात.