संभाजीनगरात पहिलं घर: प्लॉट, रो-हाऊस की फ्लॅट?

भाड्याच्या घरातून निघायचं ठरलं की आपल्याकडं तीनच नावं पुढं येतात. गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट घेऊन हळूहळू बांधायचं, नाहीतर बीड बायपासच्या पलीकडं रो-हाऊस, नाहीतर फ्लॅट. बहुतेक जण तिघांचा रेट लावून बघतात आणि रेटमधे प्लॉट कायमच स्वस्त पडतो. पण कागद आणि मे महिन्यातलं पाणी धरून बघा, सगळं गणित फिरतंय.

प्लॉटपासून सुरू करू, कारण माणसं सगळ्यात जास्त इथंच फसायलेत. शहरातल्या सातारा, देवळाई, पडेगाव, मिटमिटा, हर्सूल अशा कुठल्याही भागात जा, आधी शंभरच्या आणि आता पाचशेच्या बाँडवर (स्टॅम्प पेपरवर) लिहून देणारा भेटतोच. त्या बाँडनं मालकी येत नाही, रजिस्टर खरेदीखतच लागतं. गुंठेवारी म्हणजे सगळी वाईट असं अजिबात नाही, 2001 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करून घेता येते, पण मनपाचं प्रमाणपत्र हातात पाहिजे, "होऊन जाईल साहेब" चालत नाही.

आणि सातबारा घेतला की फक्त नाव आणि क्षेत्र बघून ठेवून देऊ नका, इतर हक्काचा रकाना वाचा. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी भरपूर आहेत, तिथं मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम), खिदमतमाश, कूळ, भोगवटादार वर्ग-2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असं काही दिसलं की थांबायचं आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, काढायचा. खिदमतमाश तर मशीद-मंदिराच्या सेवेसाठी दिलेली जमीन, त्यातला प्लॉट कितीही स्वस्त मिळो, घेऊच नका. शिवाय बाँडच्या प्लॉटवर होम लोन होत नाही, मग लोक सोनं मोडतात नाहीतर महागडं पर्सनल लोन काढतात आणि स्वस्तातला प्लॉट तिथंच महाग होतो.

रो-हाऊस बघायला लई छान वाटतं, स्वतःचं दार, वर गच्ची, पुढं गाडी. पण दोन गोष्टी. एक, जागा 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं 8 पेक्षा जास्त नसतील तर महारेराची (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी बंधनकारक नाही, म्हणजे पाच-सहा रो-हाऊसच्या स्कीमला बरेचदा रेरा नंबरच नसतो. दुसरं, आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया वरवर घेतलेला असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. नवीन रंगात ती दिसत नाही म्हणून त्याच बिल्डरची तीन-चार वर्षं जुनी घरं बघा. आणि बोअरचं विकणाऱ्याला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा की मे मधे टँकर किती येतात, कारण रो-हाऊसला टँकरचा खर्च एकट्याच्या खिशातून जातो, फ्लॅटमधे निदान वाटून तरी जातो.

फ्लॅटला जमीन कमी आणि मेंटेनन्स कायमचा, हे खरंय. तरी कागद सगळ्यात सरळ इथंच मिळतो. रेरातल्या प्रोजेक्टमधे कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, लिहून द्यावा लागतो, करार रजिस्टर होईपर्यंत 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, बांधकामातला दोष ताब्यानंतर 5 वर्षांत निघाला तर बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा. मनपाचं भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी) मिळालेला रेडी फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के, आणि 45 लाखांच्या आत अन् कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असेल तर 1 टक्का.

पैशाचं म्हणाल तर 35 लाखांच्या फ्लॅटला मनपा हद्दीत साधारण 6 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 2 लाख 10 हजार, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार. हे लोनमधे धरत नाहीत, डाऊन पेमेंटच्या वर वेगळे लागतात. फक्त बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत 1 टक्का सूट, म्हणजे 35 हजार वाचतात, पण सोबत आपलं नाव लावलं की सूट गेली. प्लॉटला ही सूट नाही.

माझं मत विचाराल तर पगारावर लोन घेणाऱ्यानं रेडी फ्लॅटच घ्यावा. घरचा पैसा आहे, दोन-चार वर्षं थांबायची तयारी आहे, तर नियमित झालेला किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट उत्तम. रो-हाऊस मोठ्या, रेरा नंबर असलेल्या स्कीममधलंच. यातलं काहीही असो, टोकन चेकनं द्या आणि कागद नीट नसले तर पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्या.