नऊ महिने, चार मूक (MOOC) कोर्स: काय जमलं, कुठे अडलं

नऊ महिन्यांत मी चार ‘मूक’, म्हणजे नेटवर कुणालाही खुल्या असलेल्या ऑनलाइन कोर्सना नाव नोंदवलं. दोन पूर्ण झाले, एक तिसऱ्या आठवड्यात सुटला, चौथा उघडलाच नाही. पूर्ण झालेल्या दोन्हींना असाइनमेंटच्या ठरलेल्या तारखा होत्या. सुटलेला ‘तुमच्या सवडीने करा’ प्रकारातला होता, आणि ती सवड कधी आलीच नाही.

व्हिडिओ उत्तम असतात. सहा ते दहा मिनिटांचे तुकडे, मध्ये एखादा प्रश्न, खाली सबटायटल. न कळलेला भाग चार वेळा लावला तरी कुणी वैतागत नाही. पण संख्याशास्त्राचे पहिले दोन आठवडे मी नुसते बघून काढले आणि पहिल्याच असाइनमेंटला हात थांबला. मग वही घेतली. व्हिडिओ थांबवायचा, पुढची पायरी स्वतः मांडायची, मगच पुढे जायचं. वीस मिनिटांच्या धड्याला दीड तास लागायला लागला, पण केलेलं टिकलं.

खरी अडचण पाचव्या आठवड्यात आली. प्रश्न असा होता: एक आजार शंभरात एकाला असतो. चाचणी आजारी लोकांपैकी ९० टक्के पकडते, पण निरोगी लोकांपैकी ९ टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? मी ९० टक्के लिहिलं, मग ९१, मग ८१. तिन्ही वेळा लाल फुली. चूक आहे हे यंत्राने लगेच सांगितलं, पण विचार कुठे वाकडा गेला ते सांगितलं नाही. शेवटी फोरमवर विचारलं, तर एका सहविद्यार्थ्याने लिहिलं: हजार माणसं धरा. १० आजारी, त्यांतले ९ सापडले. ९९० निरोगी, त्यांतले साधारण ८९ चुकून सापडले. पॉझिटिव्ह ९८, खरे आजारी ९. म्हणजे जेमतेम ९ टक्के! त्या चार ओळींनी मला जे शिकवलं ते तासभराच्या व्हिडिओंनी शिकवलं नव्हतं.

प्रोग्रामिंगला यंत्राची तपासणी चालते, कारण कोणत्या चाचणीत कोड अडला ते दिसतं. निबंधाला मात्र नाही. तिथे सहविद्यार्थीच एकमेकांचं तपासतात. मी तीन रात्री जागून लिहिलेल्या निबंधावर एकाने ‘छान’ एवढंच लिहिलं. वाईट वाटलं.

हे कोर्स वर्गाची जागा घेतील, असं २०१२ च्या सुमारास मोठ्या उत्साहाने बोललं जात होतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव नोंदवलं आणि ७,१५७ उत्तीर्ण झाले. गळती प्रचंड, हे खरंच. तरी एका प्राध्यापकाला इतके विद्यार्थी शिकवायला किती वर्षं लागली असती, याचाही विचार करावा. मला जास्त बोलकं वाटतं ते अमेरिकेतल्याच सॅन होजे स्टेट विद्यापीठाचं उदाहरण. तिथे याच कोर्सचे व्हिडिओ विद्यार्थ्यांनी घरी बघितले आणि वर्गात शिक्षकांसोबत गणितं सोडवली. उत्तीर्णांचं प्रमाण ९१ टक्क्यांवर गेलं. त्याच विद्यापीठाने २०१३ मध्ये काही विषय जवळपास पूर्णपणे ऑनलाइन शिकवून पाहिले, तेव्हा निकाल इतका घसरला की प्रयोग थांबवावा लागला.

म्हणून ‘नेटवर सगळं फुकट आहे, शीक’ असं शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्याकडे पदवी होती, एकटीने पुस्तक घेऊन बसायची सवय होती, तरी मी पाचव्या आठवड्यात अडकले. ही सवय ज्याला अजून लागायची आहे, त्याच्या शेजारी कुणीतरी माणूस हवा.

कोर्स सर्टिफिकेटसाठी घ्यायचा असेल, तर असाइनमेंट फुकट उघडतात की पैसे भरल्यावर, हे आधी बघा. माझ्या एका कोर्सला फुकटात फक्त व्हिडिओ होते, म्हणजे कामाचा भाग कुलपात.

सुटलेल्या कोर्सची तारखा असलेली बॅच आता सुरू होते आहे. नाव नोंदवलं आहे. या वेळी एक मैत्रीणही सोबत आहे; दर रविवारी आम्ही एकमेकींच्या वह्या तपासणार आहोत.