स्पायडरमॅन वाचायचा तर १९६२ पासून की २००० पासून?

आमच्या वरुडकडच्या गावांत सुट्ट्या लागल्या की पोरं स्पायडरमॅनची कॉमिक्स वाचायला घेतात आणि विचारतात, साठ वर्षांच्या अंकांत शिरायचं कुठून?

एक वाट मुळापासूनची: ऑगस्ट १९६२ चा 'अमेझिंग फँटसी'चा १५ वा अंक, मग मार्च १९६३ पासूनची स्वतंत्र मालिका. कोळ्याचा चावा, कुस्तीचा आखाडा, हातचा सोडलेला चोर, बेनकाकांचा खून हे सगळं लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी अवघ्या ११ पानांत बसवलंय. शेवटच्या चौकटीत अंधाऱ्या रस्त्यानं एकटा चाललेला पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, तर विसरताच येत नाही. पण चौकटी मजकुरानं गच्च आहेत. मराठी शाळेतल्या दहावीच्या पोराला ती जुनी इंग्रजी जड जाते.

दुसरी वाट २००० सालच्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'ची. लेखक ब्रायन मायकेल बेंडिस आणि चित्रकार मार्क बॅगली यांनी तीच गोष्ट नव्यानं, सावकाश सांगितली. इथले बेनकाका काही अंक घरात वावरतात, रागावतात, समजावतात. म्हणून त्यांचं जाणं जिव्हारी लागतं. वाक्यं छोटी, बोलणं शाळकरी पोरांचं. मागचं काही माहीत असायची गरज नाही. शिवाय या जोडीनं सलग १११ अंक केले, त्यामुळे गोष्टीचा सूर टिकून राहतो.

नव्या वाचकानं २००० पासूनच सुरुवात करावी, असं मी ठामपणे सांगते. १९६२ ची ती ११ पानं मात्र 'अल्टिमेट'चा पहिला खंड संपला की लगेच वाचावीत. मोबाईलवर अक्षर फार बारीक दिसतं, तेव्हा गावच्या वाचनालयाच्या खरेदीच्या यादीत या खंडाचं नाव आधी घाला.