रात्री टेप, सकाळी एरर: जुना ड्राइव्ह दुरुस्त करावा, नवा घ्यावा की टेपच सोडावी?

"साहेब, बॅकअप परत लाल आलाय बघा." सोमवारी सकाळी हा फोन आला की पुढचं वाक्य मला पाठ असतं: "आता ती टेप काढूनच टाकूया की."

सांगली-मिरज पट्ट्यात अजून बऱ्याच सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात एलटीओ ड्राइव्ह, म्हणजे बॅकअपच्या चुंबकीय टेपा लिहिणारं-वाचणारं यंत्र, गुरगुरत असतो. कुठे साखर कारखाना, कुठे सूतगिरणी, कुठे पतसंस्था, मिरजेत हॉस्पिटलं. बहुतेक ड्राइव्ह एलटीओ-५ किंवा ६ चे (हा आकडा पिढीचा), म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले. एरर सुरू झाली की टेबलावर तीन कोटेशनं येतात: दुरुस्तीचं, नव्या ड्राइव्हचं, आणि नॅस-क्लाउडचं (नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी). तिघे विक्रेते वेगळे आणि प्रत्येकाला आपलंच खरं. त्या तीन कागदांपुढे बसलेल्या माणसासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. एरर कोणाची आहे हे कळल्याशिवाय एकाही कोटेशनावर सही करू नका. कळल्यावरसुद्धा निर्णय ड्राइव्हकडे बघून नाही, कपाटातल्या जुन्या टेपांकडे बघून घ्या.

आधी एररचा मालक शोधा

सॉफ्टवेअर 'राइट एरर' म्हणून मोकळं होतं. टेप खराब असो, टेप वाचणारं-लिहिणारं हेड मळलेलं असो, केबल सैल असो, शब्द तोच. खरं काय ते ड्राइव्हला विचारायचं. आयबीएमच्या ड्राइव्हवर पुढच्या बाजूला एका अक्षराची बारकी खिडकी असते. तिथे ७ आला तर बहुधा कार्ट्रिजच, म्हणजे टेपेची डबीच, खराब. ५ म्हणजे ड्राइव्हचं हार्डवेअर. ८ म्हणजे केबल किंवा कार्डाच्या बाजूची भानगड. 'सी' म्हणजे मला साफ करा. घोळ होतो तो ६ वर. ६ चा अर्थ 'ड्राइव्ह किंवा टेप, दोन्हींपैकी एक', पण लोक तो ड्राइव्ह गेल्याचा दाखला समजतात. नवी टेप घालून बघा. चालली तर जुनी टेप बाजूला काढायची, बस.

ड्राइव्ह दुसऱ्या कंपनीचा असेल तर टेपअलर्टचे फ्लॅग, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो ते नंबरवार इशारे, वाचा. २० नंबरचा फ्लॅग म्हणजे आत्ताच्या आत्ता साफसफाई. लिनक्सवर टेपइन्फो ही कमांड हे सगळं दाखवते. लिनक्सच्या कर्नलच्या लॉगमध्ये सेन्स की (एररच्या प्रकाराचा नंबर) ३ असेल तर संशय टेपवर, ४ असेल तर हार्डवेअरवर. सारखं बस रिसेट (ड्राइव्हचं कनेक्शन तुटून परत जुळणं) दिसत असेल तर रॅकच्या मागे जाऊन केबल बघा. कोणीतरी यूपीएस सरकवताना ती वाकवलेली असते. ड्राइव्ह रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला) जोडलेला असेल तर भानगड तिथेच आहे. टेपला साधं एसएएस कार्ड (ड्राइव्ह सर्व्हरला नुसतं जोडणारं) लागतं. रेड कार्डावर काही दिवस चालल्यासारखं वाटतं, मग बॅकअपचे जॉब मधेच तुटायला लागतात.

याहून सोपा उपाय म्हणजे वही. रोज टेपचं लेबल आणि निकाल लिहायचा, दहा रात्री. 'बुधवार-२' हीच टेप पडत असेल तर दोष तिचा. सगळ्याच पडत असतील तर ड्राइव्हचा. ना टेपेचा मेळ ना वेळेचा, असं असेल तर केबल-कार्ड.

मार्केट यार्डाजवळच्या एका गोदामात असाच ड्राइव्ह 'गेला' म्हणून बोलावणं आलं होतं. नव्याचं कोटेशन तयार होतं. मी ड्राइव्ह रॅकमधून ओढला आणि पुढची जाळी बोटाने पुसली. बोट पिवळं. मागच्या पंख्याच्या पात्यांवरही तोच थर, कडेला थोडा गोळा झालेला. शेजारच्या खोलीत हळद दळायची मशीन होती. पंखा हवा आत ओढतो, हवेबरोबर पूड आत, आणि हेडसमोरून ताशी कित्येक किलोमीटर वेगाने पळणारी टेप केसापेक्षा कितीतरी पातळ, एलटीओ-५ ची ६.४ मायक्रॉन. क्लीनिंग कार्ट्रिज दोनदा घातलं, ड्राइव्ह भिंतीपलीकडच्या खोलीत हलवला, आणि तो पुढे काम देत राहिला. क्लीनिंग कार्ट्रिजवर प्रत्येक वापराला एक रेघ मारायची सवय लावा. साधारण ५० वापरांनंतर ते संपतं. 'रोज सकाळी एक क्लीनिंग' असला नियम मात्र करू नका. त्याची फीत खरखरीत असते, हेड झिजतं.

आता अशी एरर, जी एरर म्हणून दिसतच नाही. ड्राइव्हला डेटा पुरेशा वेगाने मिळाला नाही तर टेप थांबते, थोडी मागे जाते, परत पुढे येते. याला शू-शायनिंग म्हणतात, बूटपॉलिशवाल्याच्या फडक्यासारखं. कान देऊन ऐका: एकसुरी घरघर असेल तर ठीक, दर काही सेकंदांनी 'खर्रर्र-टक' असेल तर टेप आणि हेड दोन्ही झिजताहेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या लाखभर बारक्या फायली नेटवर्कवरून थेट टेपवर ओतल्या की हे हमखास होतं. आधी सर्व्हरच्याच डिस्कवर गोळा करा, मग तिथून टेपवर. फुकटचा उपाय आहे.

आणखी एक फुकटचा धडा, जरा महाग पडलेला. लिनक्सवर एकाच टेप ड्राइव्हची दोन नावं असतात: एसटी-शून्य (st0) काम झालं की टेप गुंडाळून सुरुवातीला आणतं, एनएसटी-शून्य (nst0) आणत नाही. एका ऑफिसात रात्रीची स्क्रिप्ट तीन डेटाबेस एकामागून एक एसटी-शून्यवर लिहीत होती. प्रत्येक नवा आधीच्याच्या डोक्यावर. लॉग हिरवागार. रिस्टोर करायची वेळ आली तेव्हा टेपवर शेवटचाच एक.

दुरुस्ती

आता तीन कोटेशनं. कार्ट्रिज, केबल, धूळ किंवा वेग, यांपैकी मालक सापडला तर पहिल्या कागदाचीही गरज नाही. मालक ड्राइव्हच निघाला, तर एलटीओ-५ सारख्या २०१० च्या पिढीच्या ड्राइव्हला गावात कोणी हेड बदलून देत नाही. दुरुस्ती म्हणजे प्रत्यक्षात दुसरा वापरलेला ड्राइव्ह तपासून बसवणं. तात्पुरतं म्हणून मला ते चालतं, पण एकाच कामासाठी: जुन्या टेपा वाचायला. रोजचा बॅकअप वापरलेल्या ड्राइव्हच्या भरवशावर ठेवणं म्हणजे जुनी एसटी नवस बोलून घाटात नेणं.

नवा ड्राइव्ह

इथे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून थोडा वेळ काढून वाचा. एलटीओ-७ पर्यंत नियम साधा होता: दोन पिढ्या मागचं वाचतो, एक पिढी मागचं लिहितो. म्हणजे एलटीओ-७ चा ड्राइव्ह एलटीओ-५ वाचतो आणि एलटीओ-६ वर लिहितो. एलटीओ-८ ने हा नियम मोडला. तो फक्त ७ आणि ८ ओळखतो. एलटीओ-९ फक्त ८ आणि ९. विक्रेता म्हणतो "नवाच घ्या साहेब", आणि एलटीओ-५ च्या चाळीस टेपा कपाटात असणारा माणूस एलटीओ-९ घेऊन घरी येतो. ड्राइव्ह उत्तम, पण त्या चाळीस टेपांपुढे तो आंधळा.

तुमच्याकडे ५ च्या टेपा असतील तर एकतर एलटीओ-७ शोधा, नाहीतर जुना ड्राइव्ह चालू आहे तोवर महत्त्वाच्या टेपा डिस्कवर उतरवून घ्या आणि मगच ८ किंवा ९ कडे जा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, पण त्याला कोणी तरी महिनाभर रोज टेप बदलायला बसावं लागतं, आणि ते कोटेशनात कधीच नसतं.

क्षमता बघायची तर एलटीओ-५ ची टेप दीड टीबी, ६ ची अडीच, ७ ची ६, ८ ची १२, ९ ची १८. पाकिटावर छापलेला मोठा आकडा कॉम्प्रेशन धरून असतो. हॉस्पिटलचे एक्स-रे, स्कॅन, फोटो बहुतेकदा आधीच दाबलेले असतात, तिथे तो विसरा. आणि एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मापं घेत बसतो, कधी दोन तासांपर्यंत. नवा ड्राइव्ह बसवल्याच्या पहिल्याच रात्री 'अडकला' म्हणून फोन येतो तो बऱ्याचदा याचाच.

वेगाचा मुद्दा कोणी सांगत नाही. एलटीओ-७ सेकंदाला ३०० एमबी मागतो, आणि सावकाश चालायचं म्हटलं तरी साधारण १०० च्या खाली त्याला जमत नाही. आपल्याकडचं गिगाबिट नेटवर्क फार तर ११० देतं, तेही एकच मोठी फाइल असेल तर. म्हणजे जुना ड्राइव्ह ज्या नेटवर्कवर कसाबसा एकसुरी चालत होता, त्याच नेटवर्कवर नवा ड्राइव्ह खर्रर्र-टक करायला लागेल. सोबत सर्व्हरमध्ये चांगली एसएसडी (वेगवान डिस्क) धरा, आधी तिच्यावर गोळा करून मग टेपवर लिहायला, नाहीतर नवा ड्राइव्ह घेऊन जुनीच तक्रार विकत घेतलीत.

नॅस आणि क्लाउड

रोजच्या सोयीला टेप हरते, हे कबूल. "काल दुपारची एक्सेल उडाली" म्हटल्यावर नॅसवरून ती दोन मिनिटांत येते. टेपवरून आणायची तर आधी टेप शोधा, घाला, फिरवा, चहा प्या. दोन टीबीपर्यंत डेटा असेल आणि जुन्या नोंदी फारशा उकरायच्या नसतील तर टेपचा हट्ट मी करत नाही.

पण नॅस सतत जोडलेला असतो. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सर्व्हरवर आलं की सर्व्हरला जोडलेलं नॅसवरचं फोल्डरही त्याच्या तावडीत. कपाटातल्या टेपेला ते हात लावू शकत नाही. नॅस घेणारच असाल तर पुसता न येणारे स्नॅपशॉट (त्या-त्या वेळेच्या डेटाच्या गोठवलेल्या प्रती) आणि बॅकअपसाठी वेगळं लॉगिन, हे दोन नसतील तर कोटेशन परत पाठवा.

क्लाउडचं गणित कागदावर करा. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी १ टीबी वर चढायला २२ तासांच्या वर लागतात. दहा टीबी म्हणजे नऊ-दहा दिवस, त्या काळात ऑफिसचं बाकी इंटरनेट बंद धरून. खाली आणतानाही तोच हिशेब, वर डेटा बाहेर काढण्याचं बिल. काही स्वस्तातल्या थंड साठ्यांतून (क्वचित लागणारा डेटा ठेवायची सोय) डेटा मिळायला १२ ते ४८ तास आधी थांबावं लागतं, हे विक्रीच्या गप्पांत येत नाही. कंपनी असाल तर आणखी एक: हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असावा लागतो. मुंबई आणि पुण्यात मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर आहेत, तेव्हा खातं उघडतानाच रीजन, म्हणजे डेटा कुठल्या भागातल्या सेंटरमध्ये राहील ते, बघून निवडा.

नदी

सांगलीत ही तुलना कृष्णेला बाजूला ठेवून करता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. मारुती चौक, गावभाग पाण्यात. त्या आठवड्यात एका ऑफिसचा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच रॅकमधला नॅस दोन्ही बुडाले. दोन कॉपी होत्या, पण एकाच खोलीत. वाचल्या त्या दर शनिवारी तासगावच्या शाखेत जाणाऱ्या कापडी पिशवीतल्या टेपा. एलटीओ-६ च्या दहा टेपा म्हणजे २५ टीबी, आणि वजन दोन किलोच्या आसपास.

पिशवीचे नियमही आहेत. टेप पडू देऊ नका. कार्ट्रिजच्या कोपऱ्यातलं दार सरकवलं की एक बारीक धातूची पिन दिसते, ड्राइव्ह तिला पकडून फीत ओढतो. आपटून ती सरकली की 'लोड एरर', आणि दोष ड्राइव्हवर जातो. बाहेरून आणलेली टेप लगेच घालू नका, सर्व्हर रूममध्ये एक दिवस राहू द्या. भिजलेली टेप तर 'चालते का बघू' म्हणून अजिबात घालायची नाही. ड्राइव्हही जातो.

मग कोणी काय घ्यावं

पतसंस्था, दोन टीबीच्या आत, लोक कमी: नॅस आणि भारतातल्या रीजनचं क्लाउड. पण जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका, जुन्या टेपांची मुदत संपेपर्यंत तो आणि त्याचं कार्ड बसणारा एक पीसी जपा. स्कॅनचा ढीग वर्षानुवर्षं सांभाळणारं हॉस्पिटल: टेपच, एलटीओ-८ किंवा ९, सोबत एसएसडी, आधी जुन्या टेपा उतरवून. मधल्या आकाराचा कारखाना, ज्याच्याकडे ५ च्या टेपा आहेत आणि त्या उतरवायला माणूस नाही: एलटीओ-७ मिळतोय तोवर घ्यावा, जरी विक्रेता तोंड वाकडं करेल. हळदवाल्याने जाळी पुसावी.

नवा ड्राइव्ह घेणार असाल तर डेमोला येणाऱ्या माणसाला रिकाम्या टेपेवर लिहून दाखवू देऊ नका, ते सगळ्यांनाच जमतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली सगळ्यात जुनी टेप द्या, जिच्या लेबलावरची शाई उडत आलीय. एनक्रिप्शन (डेटा कुलूपबंद करून लिहिणं) वापरलं असेल तर त्याची की, म्हणजे किल्ली, पण शोधून ठेवा. ती टेप त्याच्या ड्राइव्हवर, तुमच्यासमोर, पूर्ण रिस्टोर झाली की मग चेकबुक काढा.