छोटी मॅक्लॅरेन, अर्ध्या मापाचे हेल्मेट आणि संघाची टोपी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मोटार शर्यतींशी निगडित तीन वस्तू गेले अनेक महिने माझ्याकडे आहेत: 1988 च्या मॅक्लॅरेन एमपी4/4 या फॉर्म्युला वन गाडीची 1:18 मापाची धातूची प्रतिकृती, ती चालवणाऱ्या आयर्टन सेनाच्या रंगांतले अर्ध्या मापाचे हेल्मेट आणि सध्याच्या एका फॉर्म्युला वन संघाची टोपी. तिन्ही अधिकृत परवान्याने बनलेल्या असून नव्या असताना सारख्याच आवडल्या होत्या. आज मात्र त्यांच्याविषयीची माझी मते वेगवेगळी झाली आहेत.

सर्वाधिक समाधान प्रतिकृतीने दिले. एमपी4/4 ने 1988 च्या हंगामातील 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. त्यांतल्या 8 सेनाने आणि 7 त्याचा संघसहकारी अलाँ प्रोस्टने. हे आकडे बहुतेक चाहत्यांना पाठ असतात, परंतु ही गाडी तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा किती बुटकी होती हे प्रतिकृती हातात घेऊन डोळ्यांच्या पातळीवर धरल्याशिवाय नीट उमगत नाही. चालक जवळजवळ पाठीवर रेललेला, त्याच्या खांद्यांच्या मागे लगेच खाली उतरत जाणारे इंजिनाचे आवरण, आणि त्यामुळे मागच्या पंखाकडे जाणाऱ्या हवेला मिळालेली मोकळी वाट. माझ्या प्रतिकृतीतले हे आवरण निघते आणि आत होंडाचे दीड लिटरचे टर्बो व्ही6 इंजिन दिसते. नळ्या आणि तारा वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या जाडीच्या दिल्या आहेत. आवरण अनेकदा काढून बसवले, तरी त्याची पकड ढिली झालेली नाही.

प्रतिकृतीतली एक उणीव मात्र पहिल्या दिवसापासून खटकते. मूळ गाडीवर सिगारेटच्या ब्रँडचे नाव ठळक अक्षरांत होते; प्रतिकृतीवर त्या जागा कोऱ्या आहेत. 1968 साली लोटसने आपली गाडी एका सिगारेट ब्रँडच्या रंगांत रंगवली आणि तेव्हापासून पुढची कित्येक दशके या खेळाचे दृश्यरूप तंबाखूच्या पैशावर उभे राहिले. पुढे जाहिरातबंदीचे कायदे आले, ते योग्यच होते, आणि परवानाधारक उत्पादकांनीही जुन्या गाड्यांवरची ती नावे वगळायला सुरुवात केली. अनेक संग्राहक पाण्यात भिजवून सरकवायची स्वतंत्र चित्रे मिळवून कोऱ्या जागा भरतात. मी तसे केलेले नाही, कारण वक्र भागावर चित्राखाली हवेचा बुडबुडा राहिला तर तो काढताना मूळ रंगही निघण्याची भीती असते. ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह असलेल्यांनी खरेदीपूर्वी छायाचित्रे बारकाईने पाहावीत.

आता हेल्मेटविषयी. शर्यतभर चालकाचा चेहरा झाकलेला असतो, त्यामुळे जगभरच्या प्रेक्षकांनी त्याला ओळखायचे ते हेल्मेटच्या रंगांवरून. जॅकी स्टुअर्टच्या हेल्मेटभोवती टार्टनचा, म्हणजे स्कॉटिश चौकडीचा, पट्टा असे. ग्रॅहम हिलने लंडन रोइंग क्लबची गडद निळ्यावर पांढऱ्या वल्ह्यांची खूण घेतली आणि मुलगा डेमन हिल त्याच रंगांत पुढे जगज्जेता झाला. सेनाचे पिवळे हेल्मेट आणि त्यावरचे हिरवे-निळे पट्टे तर शर्यती न पाहणारेही ओळखतात. आजचे चालक हंगामात अनेकदा रंगसंगती बदलतात. 2015 साली त्यावर निर्बंध आले होते, ते 2020 मध्ये उठले. प्रत्येक खास शर्यतीसाठी नवे हेल्मेट आणि त्यामागोमाग त्याची प्रतिकृती, हा क्रम विक्रेत्यांना सोयीचा आहे. पण एका माणसाशी कायमचे जोडले गेलेले रंग त्यातून घडत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय 2018 पासून गाड्यांवर हॅलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक चौकट, आल्यामुळे हेल्मेट पूर्वीइतके उघडे दिसतही नाही.

वस्तू म्हणून अर्ध्या मापाचे हेल्मेट उत्तम टिकले आहे. आतले अस्तर आणि हनुवटीचा पट्टा खऱ्यासारखे आहेत. काचेची बिजागरी मात्र सैल झाली असून काच अर्धवट उघडी ठेवली तर आपोआप खाली येते. वरचा पारदर्शक थर कोरड्या कापडाने पुसल्यास बारीक ओरखडे पडतात. आधी मऊ ब्रशने धूळ झटकून मग किंचित ओलसर सूक्ष्मतंतू कापड फिरवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

टोपीबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. भरतकाम केलेले संघाचे चिन्ह अनेक धुण्यांनंतरही जसेच्या तसे आहे, तर उष्णतेने चिकटवलेली प्रायोजकांची नावे कडांपासून सुटू लागली आहेत. त्याहून मोठी अडचण अशी की प्रायोजक बदलला, चालक दुसऱ्या संघात गेला, की टोपी जुनी ठरते, आणि कोणत्याही एका शर्यतीची आठवण तिच्यात नसल्याने ती जपून ठेवण्याचे कारणही उरत नाही. एमपी4/4 जुनी होत नाही, कारण ती 1988 चीच आहे. मॅक्लॅरेनने त्या हंगामात गमावलेल्या एकमेव शर्यतीत, इटलीतल्या मोन्झाला, शर्यत संपायला दोन फेऱ्या उरल्या असताना सेनाची झां-लुई श्लेसरच्या विल्यम्सशी झालेली धडक आणि फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच चालक बर्गर व अल्बोरेटो यांनी फेरारीला मिळवून दिलेले पहिले दोन क्रमांक, हे सगळे सेनाच्या त्या 12 क्रमांकाच्या गाडीकडे पाहताना मनात येते.

जतनाबाबत दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. प्रतिकृतीचे मऊ टायर दीर्घकाळ एकाच जागी टेकून राहिले, की त्यांतले मऊपणा देणारे द्रव्य प्लॅस्टिकच्या तळात उतरते आणि तिथे चिकट, काळपट डाग पडतात. माझ्या प्रतिकृतीच्या तळावर असा डाग दिसू लागताच खालून घट्ट बसवलेला स्क्रू सैल करून, तळ आणि गाडीचे पोट यांच्यामध्ये आधार देऊन मी चाके किंचित अधांतरी ठेवली. त्यानंतर डाग वाढलेला नाही. दुसरी गोष्ट प्रकाशाची. फ्लुरोसंट लाल रंग उन्हात फार लवकर उतरतो, म्हणून प्रतिकृती खिडकीसमोर ठेवू नये. काचेचे दार असले तरी धोका टळत नाही.

जागा कमी असेल तर 1:43 माप घ्यावे, त्यात कित्येक दशकांच्या गाड्या एका फळीवर मावतात. या मापातल्या बऱ्याच प्रतिकृती रेझिनच्या असतात. त्यांचे काठ धातूपेक्षा रेखीव येतात, मात्र आवरणे उघडत नाहीत आणि आरसे, अँटेना हाताळताना सहज तुटतात. उघडून आत पाहण्याची हौस असलेल्यांनी 1:18 मधील धातूचीच प्रतिकृती घ्यावी, आणि घेण्यापूर्वी तळावरच्या पाटीवर चालक, शर्यत व वर्ष तिन्ही नोंदलेले आहेत ना, हे तपासावे.